पाण्याची पाळी

लातूर जिल्हा झालं त्या सुमारास आमच्या गल्लीत पाण्याला पाळी लागली. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. नळ नावापुरता होता, त्यामुळे सगळी भिस्त गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हापशावर. त्याचंही पाणी खोल गेलं होतं. तीस-चाळीस वेळा दांडा मारावा तेव्हा एक घागर भरायची, आणि चार घागरी झाल्या की हापसा कोरडाच खडखडायला लागायचा. मग त्याला थोडा विसावा द्यायचा आणि पुन्हा दांडा धरायचा. भांडणं व्हायला लागली तेव्हा गल्लीनं घरवार पाळी ठरवली. आमची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, दिवस उगवताना. पाळी चुकली की तीन-चार दिवस घरात प्यायच्या पाण्याची मारामार. त्यामुळे हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडायचा. उद्या पाळी कुणाची, पाळी आली का, पाळी चुकवू नका गं पोरींनो. माझ्या कानात तो शब्द अजून त्या दांड्याच्या करकरीसकट बसलेला आहे.

आमची गल्ली, आमचं घर असं म्हणते, पण ते माझं जन्माचं घर नव्हतं. मी मुखेडकडची. आई गेल्यावर मला नांदेडच्या एका आश्रमात ठेवलं होतं आणि तिथून लातूरच्या या घरी सांभाळायला दिलं. माझ्याबरोबर गंगामणीलाही दिलं. ती देगलूरच्या पलीकडची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी तेव्हा आठवीत होते. घर लिंगायत व्यापाऱ्याचं होतं. पुढं पेंड, सरकी आणि चुनीचं, म्हणजे गुराढोरांच्या खाद्याचं दुकान, मागं राहणं. सगळी गल्ली त्या नवरा-बायकोला अप्पा आणि अव्वा म्हणायची, म्हणून आम्हीही तसंच म्हणायला लागलो. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन उदगीरकडं गेल्या होत्या. घर रिकामं झालं होतं आणि अव्वाला घरात बांगड्यांचा आवाज हवा होता, असं ती स्वतःच सांगायची. मी आज जी काही आहे, बी. ए. झाले, मास्तरीण झाले, ती त्या घरामुळं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यानं कुणाचा गैरसमज व्हायला नको.

त्या घराचा वास पेंडीचा. भुईमुगाची पेंड, सरकीची पेंड, तुरीची चुनी, या सगळ्यांचा मिळून एक तेलकट, गोडसर वास कपड्यांना, वह्यांना, भाकरीलासुद्धा लागायचा. शाळेत मुली मला हुंगून म्हणायच्या, "म्हशीचा डबा आणलीस का गं?" सकाळी अव्वा आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मग तव्यावर भाकरी पडायची, तिखटजाळ शेंगदाण्याची चटणी, पातळ वरण, आणि शुक्रवारी पाणी भरून आलो की धपाटे. त्या वर्षी तेलही जपून होतं, तरी शुक्रवारचे धपाटे अव्वानं चुकवले नाहीत. गंगामणी हापशावर माझ्या दुप्पट दांडा मारायची, म्हणून तिला एक धपाटं जास्त मिळायचं, आणि ती त्यातलं अर्धं मोडून माझ्या ताटात टाकायची.

गंगामणीचं घरचं बोलणं तेलुगू. मराठी ती आश्रमात शिकली होती, पण तिला मराठीतला बाई-बुवा काही केल्या जमायचा नाही. ती म्हणायची, "भाकर झाला," "पाणी आली," "अप्पा जेवली." गल्लीतल्या बायका तिला मुद्दाम बोलायला लावायच्या. "मणे, घागर कुठं हाय गं?" "घागर तिथं ठेवला की." मग सगळ्या हसत सुटायच्या. तीही हसायची, पण हळूहळू तिनं परक्या माणसासमोर तोंड उघडणं बंद केलं. कुणी काही विचारलं की ती माझ्याकडं बघायची आणि मी उत्तर द्यायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी शाळेत जाणारी, शुद्ध बोलणारी. तिचं तोंड म्हणजे मीच.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. त्या घरात विटाळ पाळत नसत. आश्रमात महिन्याच्या त्या दिवसांना 'अडचण' म्हणायचे. अडचण आलेल्या मुलीनं देवापाशी जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, वेगळ्या सतरंजीवर निजायचं. सगळ्या आश्रमाला कळायचं कोणाला अडचण आहे ते. इथं तसं काही नव्हतं. आम्ही आलो त्याच महिन्यात गंगामणी कोपऱ्यात जाऊन बसली तेव्हा अव्वानं तिला हाताला धरून उठवलं होतं. "गळ्यात लिंग असलेल्या घरात कसला विटाळ? ऊठ, भाकरी कर." गंगामणीला रडू आलं होतं, आनंदानं. मला आजही वाटतं की त्या घराएवढा मान आम्हाला दुसरीकडं मिळाला नसता. पण कुणी बाजूला बसत नव्हतं, म्हणून कुणाला काही दिसतही नव्हतं. आणि दिसत नव्हतं, म्हणून त्याविषयी बोलायची वेळच येत नव्हती. बाजूला बसवण्याबरोबर त्याविषयीचा शब्दही त्या घरातून गेला होता.

होळीच्या आसपास एकदा आम्ही दोघी मागच्या दारी भांडी घासत होतो. राखेनं घासायची आणि एकाच तपेल्यातल्या पाण्यात बुचकळून काढायची. गंगामणी एकदम म्हणाली, "सुमे, माझा अडचण बंद झाला."

"म्हणजे?"

"येतच न्हाई. दोन महिने झाले."

मी विचार केला. मला स्वतःला तोवर अडचण आली नव्हती, पण शाळेत जात असल्यामुळं उत्तर देणं माझं काम आहे असं मला वाटायचं. मी म्हणाले, "दुष्काळ हाय न्हवं. समद्याचंच पाणी आटलंय. अप्पा म्हनले न्हाईत का, म्हशी आटल्या म्हणून चुनी खपंना. तसंच तुझं आटलं आसंल."

तिला ते पटलं. खरं म्हणजे आम्हा दोघींनाही बरं वाटलं. तिचे ते कपडे धुवायला दर महिन्याला आमच्या वाटणीतलं पाणी जायचं, आणि ते वाळवायला पेंडीच्या पोत्यांमागं जागा शोधावी लागायची. "पाणी वाचला," ती म्हणाली. आम्ही हसलो आणि भांडी घासत राहिलो.

ज्या माणसामुळं हे झालं त्याच्याविषयी मला थोडंच माहीत आहे. आमच्या दुकानाला चुनी एका डाळमिलमधून यायची. पोती किती हवीत याची चिठ्ठी घेऊन गंगामणी मिलवर जायची. तिथं एक फिटर होता, चांगला तिशीचा, तिच्याच भागाकडचा, तेलुगू बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं तिला विचारलं होतं, "तिन्नावा?" म्हणजे, जेवलीस का. हे तिनं मला त्याच दिवशी येऊन सांगितलं होतं, तोंडभर हसत. तिचीही आई गेल्यापासून तिच्या भाषेत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याच्याशी बोलताना तिच्या बाई-बुवाला कुणी हसत नव्हतं. पुढं तो तिच्यासाठी कधी फुटाणे, कधी पेरू ठेवायचा. ती त्यातले निम्मे मला आणायची आणि मी ते खाल्ले आहेत.

सगळं उघडकीला आल्यावर मी तिला विचारलं होतं, "तू नको म्हनली न्हाईस का त्याला?" ती माझ्याकडं नवलानं बघत राहिली. म्हणाली, "तो माझा एवढा केला. मी कसा नको म्हनू?"

या वाक्यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. आम्ही दोघी परक्यांच्या अन्नावर वाढलेल्या. आश्रमात रोज जेवणाआधी हात जोडून देणाऱ्यांचे आभार मानायला शिकवलं होतं. पाहुणे आले की रांगेत उभं राहून नमस्कार करायचा. कुणी डोक्यावरून हात फिरवला, गालाला हात लावला, तरी हसत उभं राहायचं, कारण ते देणगी देणारे असायचे. उपकार करणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे आम्हाला फार चांगलं शिकवलं गेलं होतं. नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटलं तरी आपण कृतघ्न होत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर आता मी मुलींच्या वसतिगृहांत आणि आश्रमांत बोलायला जाते तेव्हा शरीराच्या आधी याच विषयाला हात घालते. जेवू घातलं तर आभार मानावेत, त्यापुढं काही देणं लागत नाही, असं सांगते. मुली मान डोलावतात. खरं किती उतरतं ते मला कळत नाही. आभार मानायचं शिक्षण रोज होतं, आणि मी वर्षातून एकदा जाते.

चैत्रात तपासणी झाली. जिल्हा झाल्यावर नव्या कचेऱ्या आल्या होत्या, भाड्याच्या घरांतून, दारावर कोऱ्या पाट्या लावून. अप्पा फार कमी बोलायचे, पण या विषयावर त्यांना जोर चढायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जिल्हा झालंय म्हणं. आता हापशाला दूध येतंय बघा." आमची दोघींची कागदपत्रं अजून जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, उस्मानाबादलाच पडली होती. म्हणून नव्या कचेरीनं सांभाळायला दिलेल्या सगळ्या मुलांना एका शाळेत बोलावलं आणि नवे कागद करायला घेतले. वजन, उंची, डोळे, दात, आणि शेवटी मुलींसाठी पडद्याआड एक सिस्टर. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पडद्याच्या अलीकडं तीस-चाळीस पोरं रांगेत. सिस्टर तरुण होत्या, लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या, घामाघूम झालेल्या. गंगामणी आत जाताना माझा हात सोडेना, म्हणून त्या म्हणाल्या, "ये, तूही ये."

त्यांनी गंगामणीची जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे हिचं. भाजी खाते का?" मी म्हणाले, भाजी महागली आहे. मग कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "पाळी वेळेवर येते ना?"

गंगामणीनं माझ्याकडं पाहिलं.

"येते की," मी म्हणाले.

"मधे चुकली वगैरे?"

"न्हाई. हिची पाळी कधीच चुकत न्हाई. चुकली तर अव्वा रागवंल."

सिस्टर हसल्या. "अव्वाचं लक्ष आहे म्हणजे. आणि तुला गं कसं माहीत?"

"मी संगंच असते की."

"शहाणी आहेस," त्या म्हणाल्या, आणि गंगामणीच्या कागदावर त्यांनी एक शब्द लिहिला. मला वाचता येत होतं, म्हणून मी तो वाचला. 'नियमित.' मला वाटलं होतं की नव्या जिल्ह्याचे लोक पाण्याचीही चौकशी करतात म्हणजे कारभार चांगला दिसतो. बाहेर आल्यावर मी गंगामणीला तसं म्हणालेही. आम्ही वाटेत रसाच्या गाड्यापाशी सावलीला थांबलो, आणि ती म्हणाली, "बाई चांगला हाय."

त्या दिवशी त्या बाईंनी 'अडचण' म्हटलं असतं तर आम्ही सगळं सांगितलं असतं. आम्ही काही लपवत नव्हतो. आज मी कुठल्याही आश्रमात गेले की पहिली पंधरा मिनिटं काहीच शिकवत नाही. फळ्यासमोर उभी राहते आणि विचारते, तुम्ही याला काय म्हणता? आधी सगळ्या ओढणी तोंडात कोंबतात. मग एखादी म्हणते, पाहुणे आले. दुसरी म्हणते, मावशी आली. एका ठिकाणी मुली 'सुट्टी' म्हणायच्या. मी एकेक शब्द फळ्यावर लिहून घेते. एकदा तिथल्या अधीक्षिका म्हणाल्या, "मॅडम, हे कशाला लिहिता? पुस्तकातला शब्द सांगा की." मी लिहीत राहिले.

पावसाळा आला आणि कोरडाच जायला लागला. श्रावणातल्या एका शुक्रवारी हापशावर दांडा मारता मारता गंगामणी खाली बसली. मला वाटलं दमली. पण तिचे ओठ पांढरे पडले होते. गल्लीतल्या बायकांनी तिला धरून घरी आणलं. अव्वानं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि वारा घालत तिची चोळी सैल केली. लुगड्याची गाठ सोडताना तिचा हात थांबला. तिनं तो तसाच पोटावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. अव्वा खाली भुईवर बसली आणि म्हणाली, "कुणाचं हाय गं हे?"

"काय, अव्वा?"

"तुझ्या पोटात लेकरू हाय."

गंगामणी माझ्याकडं बघायला लागली. मग अव्वाकडं. "कुणाचा?" तिनं विचारलं.

तिचा तो प्रश्न खरा होता. एखाद्याची वस्तू चुकून आपल्या घरात आली असावी तशी ती विचारत होती. अव्वानं तिला मारलं नाही. मी ते कायम सांगत आले आहे. तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "माझ्या डोळ्याला काय झालतं? लेकींची चार बाळंतपणं केलेली बाई मी. घरात पोर वावरायली आन् मला दिसू नये?" मग तिनं तिला आपल्या मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा मिलवर गेले. फिटर चार महिन्यांपूर्वीच गावाकडं गेला होता. गाव कोणतं, कुणाला नीट सांगता येईना. त्याला तिकडं बायको-मुलं होती एवढं कळलं. कचेरीतून बाई आल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, आणि आठवड्यात गंगामणीला नांदेडच्या महिलांच्या एका संस्थेत हलवायचा हुकूम आला. अव्वा म्हणाली, "माझ्यापाशी राहू द्या. मी करते तिचं बाळंतपण." बाई म्हणाल्या, नियमात बसत नाही, आणि इथं दुसरी मुलगी आहे, तिच्यावर परिणाम होईल. ती दुसरी मुलगी मी. गंगामणीनं तिचं गाठोडं बांधलं. जाताना तिनं फक्त एवढंच विचारलं, "मंगळवारचा पाणी कोण भरल?"

ती गेल्यावर सिस्टर आमच्या घरी आल्या. त्यांच्या हातात तो चैत्रातला कागद होता. दुकानातच पोत्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस पाळी चुकत नाही. का खोटं बोललीस?"

मी म्हणाले, "खोटं न्हाई बाई. मंगळवार-शुक्रवार, एकबी न्हाई चुकली. गल्लीत कुणालाबी इचारा."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि पदर तोंडाला लावून तशाच बसून राहिल्या. अप्पा उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. त्याच रविवारी सिस्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं आणि औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनानं चित्र काढून मला सगळं सांगितलं. पाळी म्हणजे काय, ती का थांबते, लेकरू कुठं वाढतं, कुठून येतं, कळा कशा सुरू होतात, आणि कुणी अंगाला हात लावला तर काय करायचं. एका दुपारीत. मी घामानं भिजून गेले होते. त्यांनी तो पुठ्ठा फाडून टाकला, पण चित्र माझ्या डोक्यात राहिलं. त्या घरात हे सगळं माहीत असलेली मी एकटी मुलगी होते, आणि ज्या मुलीला ते हवं होतं ती नांदेडला होती.

घटस्थापनेच्या आधी अव्वा मला घेऊन नांदेडला निघाली. एस. टी.च्या खिडकीतून सगळीकडं करपलेली तूर. अव्वाच्या मांडीवर शेंगाच्या पोळ्यांचा डबा. एवढ्या टंचाईत तिनं गूळ कुठून आणला कोण जाणे. संस्थेत भेटायची खोली होती, तिच्यात एक बाक, एक खुर्ची. खुर्चीवर तिथल्या बाई बसून राहिल्या, कारण भेट त्यांच्यासमोरच व्हायची. गंगामणी आली. पाय सुजलेले, तोंड पिवळं. पोळी हातात घेऊन ती नुसतीच धरून बसली. अव्वा तिच्या केसांतून हात फिरवत होती. हापसा कसा आहे, चुनी खपते का, असं गंगामणीनं विचारलं. मग ती माझ्याकडं सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "सुमे, तू साळंला जातीस. एक सांग. हा बाहेर कुठून येतो? पोट फाडतात का?"

खुर्चीवरच्या बाईंनी मान वर केली. अव्वाचा हात थांबला. मला उत्तर येत होतं. पुठ्ठ्यावरचं चित्र जसंच्या तसं डोळ्यांपुढं होतं. पण त्या बाई माझ्याकडं बघत होत्या, अव्वा खाली बघत होती, आणि मला लाज वाटली. मी चांगल्या घरात राहणारी चांगली मुलगी होते. अशा मुलीला हे माहीत असून चालत नाही, एवढं मला त्या खोलीत कुणी न सांगता कळलं. मी म्हणाले, "मला न्हाई माहीत. इथल्या बाई सांगतील की."

"हाव," गंगामणी म्हणाली. आणि पोळी खायला लागली.

दसऱ्यानंतर निरोप आला. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं कुणालाच सांगितलं नाही. पोट बिघडलं असं तिला वाटलं. ती परसाकडंला म्हणून संडासात जाऊन बसून राहिली, कडी लावून, कारण वाट बघणाऱ्या दुसऱ्या बायका दार वाजवत होत्या आणि तिला त्याची लाज वाटत होती. दार तोडेपर्यंत फार रक्त गेलं होतं. रक्त मुळात कमीच होतं. लेकरू वाचलं. मुलगी. ती पुढं कुणाला दिली ते आम्हाला सांगितलं नाही, तसा नियम नव्हता. ती आता चाळिशीच्या पुढची असेल. वसतिगृहांत बोलायला जाते तेव्हा तिथं काम करणाऱ्या त्या वयाच्या बायकांकडं मी थोडं जास्त वेळ बघते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निरोप घेऊन आलेला माणूस गेल्यावर अव्वानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ती पोत्यांच्या खोलीत बसली होती. अप्पा बाजारात गेलेले. मला म्हणाली, "दार लाव. बस इथं." मी बसले. "तुला सांगायचंय," ती म्हणाली. "बाईच्या जातीला..." एवढं बोलून थांबली. पुन्हा म्हणाली, "लगीन झाल्यावर..." आणि पुन्हा थांबली. लिंगाच्या दोऱ्याशी तिची बोटं चाळा करत होती. मी म्हणू शकले असते की अव्वा, मला सिस्टरांनी सगळं सांगितलंय. पण मग नांदेडला मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

मग ती कानडीत बोलायला लागली. माहेरच्या कानडीत, जी ती फक्त मुली आल्या की बोलायची. मराठीत तिला जे जमत नव्हतं ते कानडीत वाहायला लागलं. तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं, तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं, पहिल्या खेपेला कळा आल्यावर ती गोठ्यात लपून बसली होती. एवढं मला कळलं. मला कानडी अर्धीच कळायची. एरवी मी न कळलेलं तसंच सोडून द्यायची. त्या दिवशी नाही सोडलं.

"मुट्टु म्हणजे काय, अव्वा?"

"पाळी," ती म्हणाली.

"कसली?"

तिनं मान वर केली आणि सांगितलं, कसली ते.

"बसुरु म्हणजे?"

"दिवस जाणं. पोटात राहणं."

"आणि हेरिगे?"

हा शब्द तिनं दोन-तीन वेळा उच्चारला होता. अव्वानं डोळे मिटले. मला वाटलं आता ती उठून जाईल. ती उठली नाही. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि मराठीत, एकेक शब्द करून, लेकरू कुठून येतं ते सांगायला सुरुवात केली. बाहेर दुकानाशी कुणीतरी सरकीसाठी हाका मारत होतं. "थांबा थोडं," अव्वा आतूनच म्हणाली, आणि पुढं सांगू लागली.